पाचवा महिना, बोईसरचं घर आणि रेडिएशनची धास्ती

पत्र असं आलंय, थोडं लहान करून देतेय:

"ताई, माझे मिस्टर तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात एका कॉन्ट्रॅक्टरकडे फिटर आहेत. लग्न झाल्यावर मी नाशिकहून बोईसरला आले. आता मला पाचवा महिना लागलाय, पहिलंच बाळ आहे. आई रोज फोन करून रडते, म्हणते तिथे राहू नकोस, बाळाला काहीतरी होईल. जाऊबाईंनी सांगितलं की प्लँटमध्ये काम करणाऱ्यांच्या अंगातून रेडिएशन घरी येतं, म्हणून मी मिस्टरांचे कपडे वेगळे धुते आणि खरं सांगू का, रात्री दुसऱ्या खोलीत झोपते. ते काही बोलत नाहीत पण त्यांना वाईट वाटतं हे कळतं. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितलीय, ती पण मी दोनदा पुढे ढकलली, अजून रेडिएशन कशाला म्हणून. मासे बंद केलेत. व्हॉट्सॲपवर जपानचे व्हिडिओ येतात, झोप लागत नाही. मिस्टर म्हणतात सगळं सेफ आहे, पण कंपनी तर तसंच सांगणार ना? नोकरी सोडायला सांगू का? मी माहेरी निघून जाऊ का?"

बाळा, आधी सोनोग्राफीचं बोलते, कारण बाकी सगळं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे नाही चालणार. सोनोग्राफीत रेडिएशन नसतं. अजिबात नसतं. त्यात आवाजाच्या लहरी असतात, आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या, त्या बाळावर आपटून परत येतात आणि मशीन त्यावरून चित्र काढतं, बस एवढंच. एक्स-रे आणि सीटी स्कॅन वेगळे, त्यात रेडिएशन असतं आणि म्हणूनच गरोदर बाईला ते विचार करून, गरज असेल तरच देतात. तुला जी सांगितलीय ती बहुतेक ॲनॉमली स्कॅन असणार, ती साधारण १८ ते २० आठवड्यांत करतात, त्यात बाळाचं हृदय, मणका, मेंदू, किडन्या सगळं नीट बघून घेतात, आणि ती वेळ गेली की गेली. म्हणजे बाळाला व्यंग असेल का या भीतीने तू नेमकी तीच तपासणी टाळतेयस जी तुला त्याचं उत्तर देऊ शकते. उद्या सकाळी फोन करून अपॉइंटमेंट घे, आणि जाताना मिस्टरांना सोबत ने.

आता मिस्टरांचं. मी कॅन्सर हॉस्पिटलच्या रेडिओथेरपी विभागात बरीच वर्षं काढली, दोन्ही वेळा पोटुशी असताना छातीला टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा बिल्ला, लावून कामावर जात होते, त्यामुळे तुझी ही भीती मला पुस्तकातून नाही, आतून माहितीय. शेजारणी तेव्हाही हेच बोलायच्या. पण नीट समजून घे, रेडिएशन अंगावर पडणं आणि रेडिओॲक्टिव्ह धूळ किंवा पाणी अंगाला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हात काम करून आलेला माणूस घरात ऊन घेऊन येत नाही, तसंच बाहेरून पडलेल्या रेडिएशनचं आहे, तो माणूस स्वतः काही रेडिओॲक्टिव्ह होत नाही, त्याच्या शेजारी झोपल्याने तुला काहीही होत नाही. राहिली धूळ किंवा पाणी लागण्याची गोष्ट, तर त्याच्यासाठीच ॲक्टिव्ह एरियात, म्हणजे रेडिएशनच्या भागात, जाताना घरचे कपडे काढून प्लँटचे कपडे घालायला लावतात, ते कपडे तिथेच राहतात, तिथल्याच लाँड्रीत धुतले जातात, आणि बाहेर पडताना हातापायांचं आणि अख्ख्या अंगाचं मशीनवर चेकिंग होतं, जरा काही लागलेलं असेल तर मशीन ओरडतं आणि धुवून साफ झाल्याशिवाय माणसाला सोडत नाहीत. तारापूरचे ३ आणि ४ नंबरचे रिॲक्टर हेवी वॉटरचे आहेत, तिथे ट्रिशियम नावाचा रेडिओॲक्टिव्ह पदार्थ शरीरात जाऊ शकतो, म्हणून त्या भागात काम करणाऱ्यांचं युरीन सॅम्पल घेतात. मिस्टरांना विचार, तुमचं घेतात का. हे सगळं ते रोज करत असतील पण तुला कधी सांगितलं नसेल, पुरुषांना वाटतं सांगितलं तर बायको अजून घाबरेल, आणि मग न सांगितल्यामुळेच ती घाबरते.

एक आकडा तू त्यांच्याकडून मागून घे. आकडाच माग, "सेफ आहे" हे उत्तर घेऊ नकोस. रेडिएशनच्या कामातल्या प्रत्येक माणसाचा, मग तो कायम असो की कॉन्ट्रॅक्टवर, डोस मोजून त्याची नोंद ठेवावी लागते. तो मिलिसिव्हर्ट या मापात असतो. आपल्याकडे कामगाराची मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाऊ द्यायचा नाही. मिस्टरांचा या वर्षाचा आकडा किती, मागच्या वर्षाचा किती, हे त्यांनी सुपरवायझरकडून लिहून आणावं, तो त्यांचा हक्क आहे. आणि जर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला की बॅज नाही, नोंद नाही, तरीपण आत काम करून घेतोय, तर मग काळजीचं खरं कारण तिथे आहे आणि त्याची तक्रार करायलाच हवी, प्लँटच्या हेल्थ फिजिक्सवाल्यांकडे, म्हणजे तिथल्या रेडिएशन सुरक्षेच्या विभागाकडे, आणि गरज पडली तर एईआरबीकडे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडे.

बाप रेडिएशनमध्ये काम करतो म्हणून बाळाला व्यंग येतं का, हे जगात खूप बारकाईने बघून झालंय. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या आईबापांच्या साधारण ७७ हजार मुलांचा कितीतरी वर्षं अभ्यास झाला, त्यांच्यात जन्मजात व्यंग किंवा आनुवंशिक आजार इतर मुलांपेक्षा जास्त असल्याचं आढळलं नाही. चेर्नोबिलच्या अणुऊर्जा केंद्रातल्या अपघातानंतर साफसफाईला गेलेल्या किंवा जवळ राहणाऱ्या लोकांच्या १३० मुलांचे जीन्स तपासले, तो अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यातही आईबापाच्या रेडिएशनमुळे मुलांत नवे बदल वाढल्याचं काही दिसलं नाही. आणि यातल्या काहींचे डोस तर प्रचंड होते, तुझ्या मिस्टरांचा त्यापुढे काहीच नसणार.

आता तुझा स्वतःचा आणि बाळाचा डोस. आपण सगळेच, पृथ्वीवर कुठेही असलो तरी, जमिनीतून, आकाशातून, हवेतून, जेवणातून थोडं रेडिएशन घेतच असतो, जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट आहे. अणुऊर्जा केंद्रामुळे बाहेरच्या लोकांना त्याच्यावर आणखी १ पेक्षा जास्त मिळता कामा नये असा नियम आहे, आणि प्रत्यक्षात जे मोजलं जातं ते या १ च्याही खूप खाली असतं, एईआरबीच्या वार्षिक अहवालात प्रत्येक केंद्राचा आकडा छापून येतो, नेटवर आहे, मिस्टरांना शोधायला सांग. पोटातल्या बाळाचं म्हणशील तर १०० मिलिसिव्हर्टच्या खाली व्यंग आल्याचं दिसलेलं नाही. कॅन्सरच्या बाबतीत शास्त्रज्ञ अगदी छोट्या डोसलाही धोका शून्य धरत नाहीत, हे पण सांगते, लपवून ठेवत नाही, पण तो धोका डोसच्या प्रमाणात धरतात, आणि इथे डोसच इतका नगण्य आहे की त्याच्यावरून घर सोडायचं म्हटलं तर नाशिकलाही जाता येणार नाही. खरंच सांगते, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, उंचीवर वरून येणारं कॉस्मिक रेडिएशन थोडं जास्तच मिळतं. केरळमध्ये कोल्लमजवळ करुनागपल्ली म्हणून भाग आहे, तिथल्या किनाऱ्याच्या वाळूत थोरियम आहे, लोक पिढ्यानपिढ्या त्या वाळूवर राहतात, काही घरांत सरासरीच्या कितीतरी पट रेडिएशन आहे. तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरने तिथल्या जवळजवळ ७० हजार लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष दिला की त्यामुळे कॅन्सर वाढलेला दिसत नाही.

आणि आता जे सांगते ते जरा शांतपणे वाच, मी हे विभागात नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगायचे. १९८६ मध्ये २६ एप्रिलला चेर्नोबिल झालं. त्यातून निघालेला ढग वाऱ्याने युरोपभर गेला, ग्रीसवरूनही गेला. ग्रीसमध्ये लोकांना त्यातून मिळालेला डोस साधारण १ मिलिसिव्हर्टच्या आसपासचा, म्हणजे पोटातल्या बाळाला काही होण्याइतका मुळीच नव्हता. पण पेपरांत रोज उलटसुलट बातम्या, डॉक्टरही गोंधळलेले, काही डॉक्टरांनीच सांगितलं की पोटात मूल असेल तर पाडून टाका. पुढच्या वर्षी तिथल्या संशोधकांनी जन्मांचे आकडे तपासले तर अंदाज निघाला की त्या वेळी नुकत्याच दिवस गेलेल्या बायकांपैकी २३ टक्क्यांनी या भीतीपोटी गर्भपात करून घेतला, साधारण अडीच हजार मुलं, आईबापांना हवी असलेली. रेडिएशनने त्यातल्या कुणालाच काही केलं नसतं. मला हा आकडा आठवला की अजूनही गलबलून येतं. तुझ्या व्हॉट्सॲपवर जे लोक व्हिडिओ पाठवतात ते वाईट नसतील, पण पाचव्या महिन्याच्या बाईला असं काही पाठवताना त्यांनी दहा वेळा विचार करायला हवा.

जपानचं पण तेच, २०११ च्या ११ मार्चला भूकंप, त्सुनामी, मग फुकुशिमाच्या अणुऊर्जा केंद्रातला अपघात. तिथे रेडिएशनमुळे म्हणून सरकारने मान्य केलेला मृत्यू एका कामगाराचा, फुप्फुसाच्या कॅन्सरचा. पण घाईघाईत लोकांना हलवलं त्याची धावपळ, हॉस्पिटलमधल्या म्हाताऱ्या पेशंट्सना बसमध्ये घालून तासन्‌तास फिरवलं, औषधं नाहीत, मग वर्षानुवर्षं परक्या जागी राहणं, खचून जाणं, यात फुकुशिमा जिल्ह्यात दोन हजारांच्या वर माणसं गेली. म्हणजे अपघात खोटा होता का, नाही, खराच होता, मोठा होता. पण माणसं नेमकी कशाने गेली ते व्हिडिओवाले सांगत नाहीत.

तू विचारलंस, कंपनी तर तसंच सांगणार ना. बरोबर आहे तुझं. यावर मी तुला गप्प बसवणार नाही. आज तुझ्या अंगावर किती रेडिएशन पडतंय याचं उत्तर मोजून मिळतं, पण उद्या काही बिघडलं तर हे लोक आपल्याला वेळेत आणि खरं सांगतील का, हा प्रश्न मोजायच्या मशीनने सुटत नाही आणि तो विचारायचा तुला पूर्ण अधिकार आहे. तमिळनाडूतल्या कुडनकुलमच्या अणुऊर्जा केंद्राचंच बघ, २०१९ च्या २९ ऑक्टोबरला तिथून सांगितलं गेलं की आमच्या सिस्टिमवर सायबर हल्ला शक्यच नाही, आणि दुसऱ्याच दिवशी एनपीसीआयएलने, म्हणजे ही केंद्रं चालवणाऱ्या सरकारी कंपनीने, मान्य केलं की हो, मालवेअर सापडलं होतं. ते ऑफिसच्या नेटवर्कवर होतं, रिॲक्टर चालवणाऱ्या सिस्टिममध्ये नव्हतं, म्हणजे धोका नव्हताही कदाचित, पण आदल्या दिवशी खरं सांगायला काय झालं होतं? अशा एका दिवसाने दहा वर्षांची जनजागृती वाया जाते. एईआरबी १९८३ मध्ये सरकारी आदेशाने झालं, संसदेच्या कायद्याने नाही, ज्या खात्यावर देखरेख करायची त्याच खात्याच्या छत्राखाली ते इतकी वर्षं राहिलं, २०१२ मध्ये कॅगने यावर स्पष्ट बोट ठेवलं, आणि त्याला कायद्याचा दर्जा द्यायला संसदेला २०२५ चा डिसेंबर उजाडला. जैतापूरला २०११ मध्ये आंदोलन पेटलं तेव्हा साखरी नाट्याचा एक मच्छीमार पोलिसांच्या गोळीबारात गेला, तिथल्या लोकांना मिलिसिव्हर्ट समजावून सांगून काय उपयोग, त्यांचा राग वेगळाच आहे. आणि तुझ्या जवळचंच घे, ३ आणि ४ नंबरच्या रिॲक्टरसाठी अक्करपट्टी आणि पोफरणची गावं उठवली, त्यांच्या पुनर्वसनाचं भांडण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं. ज्या माणसाला घराचा शब्द दिला आणि पाळला नाही त्याने सेफ्टीचा शब्द का मानायचा, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे तरी उत्तर नाही.

जुन्या रिॲक्टरचंही लोक बोलतात ते तू ऐकलं असशील. १ आणि २ नंबरचे १९६९ पासूनचे, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधलेले, फुकुशिमाचा पहिला रिॲक्टर त्याच घराण्यातला. त्यामुळे त्यांच्याबद्दल प्रश्न विचारणं मला रास्तच वाटतं. २०२० पासून ते मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवावे लागले. फुकुशिमानंतर आपल्याकडेही सगळ्या केंद्रांची तपासणी झाली, वीज पूर्ण गेली तर बाहेरून रिॲक्टरला पाणी कसं पोचवायचं, जादा वीज कुठून आणायची याची सोय करायला लावली. डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून जे भूकंपाचे धक्के बसतायत ते मात्र प्लँटमुळे नाहीत, काही लोक तसं पसरवतात, हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे यंत्रं बसवून अभ्यास केलाय.

पण हा सगळा हिशोब सरकारने आणि कंपनीने द्यायचा आहे. त्यांच्यावर विश्वास बसत नाही म्हणून तू नवऱ्यापासून लांब झोपायचं, मासे सोडायचे, तपासणी टाळायची, याला काय अर्थ आहे? अविश्वास असेल तर ग्रामसभेत विचारा, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, किनाऱ्याच्या मासळीत, दुधात, भाजीत काय सापडलं ते मागवा. प्रत्येक केंद्राजवळ बीएआरसीची, म्हणजे भाभा अणु संशोधन केंद्राची, पर्यावरण प्रयोगशाळा असते, ते आजूबाजूच्या गावांतून हे नमुने घेऊन तपासतात. ते आकडे लोकांना समजतील अशा मराठीत गावात लावले पाहिजेत असं माझं ठाम मत आहे आणि ते होत नाही याचा मला मनापासून राग येतो.

बोईसरमध्ये राहून तुला खरंच काळजी घ्यायची असेल तर ती कशाची घ्यायची ते सांगते. तारापूर एमआयडीसी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या १०० औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषणाचा निर्देशांक काढला, त्यात तारापूरचा नंबर पहिला आला, ९३.६९. केमिकल कंपन्यांचे स्फोट, आगी, नाल्यातून जाणारं रंगीत पाणी, रात्री येणारा वास हे तू रोज बघत असशील आणि त्याची सवय झाली असेल. रेडिएशन दिसत नाही म्हणून त्याची धास्ती, आणि जे नाकाला झोंबतं त्याची सवय, असं आपल्या सगळ्यांचंच होतं. तेव्हा बोअरचं पाणी प्यायचं नाही, नळाचं आणि चांगल्या फिल्टरमधून आलेलं प्यायचं. रात्री वास आला की खिडक्या बंद. डोकं दुखलं, मळमळलं, श्वास लागला तर "गरोदरपणात होतंच" म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगायचं. घर कंपन्यांच्या अगदी भिंतीला लागून असेल तर भाड्याची दुसरी खोली बघा, याच्यासाठी घर बदललं तर मी म्हणेन शहाणपणा केला.

मासे परत सुरू कर. बोंबील, कोळंबी, बांगडा आठवड्यातून दोनदा खा, बाळाच्या मेंदूला चांगले. फक्त मुशी वगैरे मोठे मासे टाळ, त्यांच्यात पारा साठतो, ते जगातल्या कुठल्याही समुद्रात गरोदर बाईने टाळायचे असतात.

आणीबाणीत काय करायचं तेही आत्ताच माहीत असू दे, म्हणजे मन थाऱ्यावर राहील. केंद्रापासून १६ किलोमीटरचा पट्टा जिल्हा प्रशासनाच्या आपत्कालीन नियोजनात असतो, बोईसर त्यात येतं. सूचना आली तर पहिलं काम घरात जायचं, दारं-खिडक्या-पंखे बंद करायचे, उघड्यावरचं पाणी, दूध, भाजी घ्यायची नाही, आणि पुढची सूचना येईपर्यंत रस्त्यावर पळत सुटायचं नाही. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला वाचवणारी आयोडीनची गोळी सांगितली तरच, सांगितली तेव्हाच घ्यायची, ती गरोदर बाईलाही देतात. २०११ मध्ये फिलिपिन्समध्ये कुणीतरी मेसेज फिरवला की गळ्याला बेटाडिन लावा, चीनमध्ये लोकांनी दुकानांतलं मीठ संपवलं, दोन्हीचा काडीचा उपयोग नव्हता. तुझी फाइल, गोळ्या आणि मिस्टरांचा सुपरवायझरचा नंबर एका पिशवीत ठेव, ती पिशवी तशीही बाळंतपणाला लागणारच आहे.

नोकरीचं म्हणशील तर त्यांच्या डोसचा आकडा हातात आल्याशिवाय काही ठरवू नका. नोंद नीट असेल आणि आकडा मर्यादेच्या खाली असेल तर बाळ येतंय अशा वेळी हातची नोकरी सोडायचं कारण मला दिसत नाही. कॉन्ट्रॅक्टवर आहेत तर पीएफ, विमा, सुरक्षेचं ट्रेनिंग हे सगळं मिळतंय का तेही बघायला सांग, त्यात फसवणूक जास्त होते.

आणि माहेरी जरूर जा. पहिलं बाळंतपण आहे, सातव्या महिन्यात जायचं तशी जा, आईच्या हातचं खायला, दुपारी झोपायला, बाळाचं करायला दोन हात जास्त मिळतील म्हणून जा, आणि नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये नाव आधीच घालून ठेव. पण आज रात्री बॅग भरून पळू नकोस. आईला स्कॅन झाल्यावर फोन कर आणि रिपोर्ट वाचून दाखव, तिला बाळाच्या हृदयाचे ठोके किती ते सांग, तिला रेडिएशनवरचं माझं हे एवढं मोठं उत्तर वाचायला देऊन फारसं काही होणार नाही. जाऊबाईंना मिस्टरांनीच एकदा बसून सांगावं, बाहेर पडताना काय काय चेकिंग होतं ते, घरातल्या माणसाने सांगितलेलं जास्त पटतं. झोप अजून आठवडाभर आली नाही, छातीत धडधड होत राहिली, तर तेही तुझ्या डॉक्टरांना स्पष्ट सांग, गरोदरपणातल्या अशा काळजीवर उपचार असतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

स्कॅनचा रिपोर्ट आणि मिस्टरांचा आकडा आला की मला कळव. त्यातलं काही समजलं नाही तर तसंच्या तसं लिहून पाठव, आपण ओळ न् ओळ बघू.